फीवाढीला लगाम घालणारे कायदे गळतात कुठे?

सरकारी कॉलेजांनी वर्षाला अमुक टक्क्यांहून जास्त फी वाढवायची नाही, हे वाक्य कायद्यात लिहायला पाच मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ते या ना त्या रूपात लिहून पाहिलं. कुणी फी गोठवली, कुणी ती महागाईच्या दराला बांधली, कुणी पहिल्या वर्षी जी फी तीच चौथ्या वर्षी अशी हमी दिली. काही ठिकाणी विद्यार्थ्यांचं खरंच भलं झालं. बऱ्याच ठिकाणी मात्र बिलावरची एक ओळ जागच्या जागी राहिली आणि तिच्याखालच्या ओळी फुगत गेल्या. हे का होतं ते कळायला आधी कॉलेजच्या हिशेबात डोकं घालावं लागतं.

पैसा येतो कुठून

अमेरिकेत सरकारी कॉलेज म्हणजे राज्य सरकारचं कॉलेज. केंद्र सरकार विद्यार्थ्याला अनुदान आणि कर्ज देतं, पण शिकवण्याचा खर्च मुख्यतः दोन ठिकाणांहून भागतो: राज्याचं वार्षिक अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी. १९८० च्या सुमारास या दोहोंच्या बेरजेत विद्यार्थ्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. २००८ च्या मंदीनंतर तो निम्म्याच्या जवळ गेला. बहुतेक राज्यांना तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. मंदीत कर कमी जमा होतो, शाळा आणि आरोग्य यांच्या खर्चाला हात लावणं अवघड असतं, मग कात्री कॉलेजांवर चालते. कॉलेज फी वाढवून आपलं भागवून घेईल, हे आमदारांना ठाऊक असतं.

आता आकडे घेऊ. समजा एका कॉलेजात २०,००० विद्यार्थी आहेत आणि वर्षाचा खर्च ४० कोटी डॉलर. निम्मे २० कोटी राज्य देतं, उरलेले २० कोटी विद्यार्थी देतात, म्हणजे माणशी १०,००० डॉलर. पुढच्या वर्षी पगार, विमा, वीज धरून खर्च ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे १ कोटी २० लाख जास्त लागले.

राज्यानंही आपलं अनुदान ३ टक्क्यांनी वाढवलं, तर फी ३ टक्के वाढेल आणि कुणाच्या फारसं लक्षातही येणार नाही. राज्यानं अनुदान आहे तेवढंच ठेवलं, तर सगळे १ कोटी २० लाख फीतून काढावे लागतील. २० कोटींवर ते होतात ६ टक्के. राज्यानं अनुदान ५ टक्क्यांनी कापलं, तर खड्डा २ कोटी २० लाखांचा, म्हणजे फीवाढ ११ टक्के. तिन्ही वेळा कॉलेजचा खर्च वाढला तो ३ टक्केच.

हेच गणित जास्त स्वस्त कॉलेजला लावून बघा. राज्य ३० कोटी देतंय, विद्यार्थी फक्त १० कोटी. तिथे अनुदान ५ टक्क्यांनी घटलं की खड्डा २ कोटी ७० लाखांचा होतो आणि फी २७ टक्क्यांनी उडी घेते. फी जितकी कमी, तितकी अनुदानातल्या कपातीनंतरची टक्केवारी भयानक दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळानं नोव्हेंबर २००९ मध्ये ३२ टक्के वाढ मंजूर केली आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या वाढीमागे हाच हिशेब होता.

आता पहिल्या कॉलेजवर २ टक्क्यांची मर्यादा घाला आणि अनुदान तसंच ठेवा. फीतून ४० लाख येतील, ८० लाखांची तूट राहील. त्या ८० लाखांचं काय करायचं, हे कायद्यात लिहिलेलं नसतं. ते ठरवतं कॉलेज, आणि मर्यादेचं पुढे काय होतं ते तिथेच ठरतं.

'फी' म्हणजे काय हे कायद्यात कसं लिहिलंय

सगळ्यात मोठी गळती इथे आहे. विद्यार्थ्याच्या बिलावर ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची मूळ फी, ही एक ओळ असते. तिच्याखाली सक्तीचे आकार येतात: तंत्रज्ञान, आरोग्य केंद्र, खेळ, विद्यार्थी भवन, बस, इमारत निधी. त्याखाली विषयवार आकार: प्रयोगशाळा, इंजिनिअरिंग किंवा बिझनेसला असाल तर जादा दर, ऑनलाइन वर्गाचा आकार. मग होस्टेल, मेस, पार्किंग. कायदा फक्त 'ट्यूशन' म्हणत असेल, तर तो या यादीतली एकच ओळ धरून बसतो.

मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण याचा कळस आहे. तिथे अनेक वर्षं ट्यूशनचे पैसे राज्याच्या तिजोरीत जमा व्हायचे आणि बाकीचे आकार कॉलेजकडे राहायचे. ट्यूशन वाढवून कॉलेजच्या हाती काही पडणार नाही म्हटल्यावर ती वाढवेल कोण? ॲमहर्स्टच्या विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची ट्यूशन १,७१४ डॉलरवर वर्षानुवर्षं स्थिर राहिली. त्याच बिलावर एकूण सक्तीची रक्कम २०१४-१५ मध्ये १३,२५८ डॉलर होती. ट्यूशन गोठली होती हे अगदी खरं. राज्याची ट्यूशन-माफी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला १,७१४ डॉलर माफ व्हायचे आणि उरलेले त्याला स्वतःच बघावे लागायचे. ट्यूशन विद्यापीठाकडेच राहू द्यायची आणि दोन्ही रकमा एकत्र करायच्या, हा बदल २०१६ मध्ये झाला.

जॉर्जियात वेगळ्या वाटेनं तेच झालं. राज्यानं २००६ साली नव्या विद्यार्थ्यांना चार वर्षं एकच ट्यूशन अशी हमी दिली. मंदी आली, अनुदान कापलं गेलं, पण दिलेला शब्द मोडता येईना. मग जानेवारी २००९ पासून 'विशेष संस्थात्मक शुल्क' नावाचा तात्पुरता आकार आला. हमी ट्यूशनची होती, आकारांची नव्हती, त्यामुळे हमी मिळालेल्यांनाही तो लागला. नव्या विद्यार्थ्यांसाठी हमी २००९ मध्येच बंद झाली. तात्पुरता आकार मात्र २०२२ पर्यंत टिकला. सरकारी हिशेबात तात्पुरता हा शब्द दिसला की त्यापुढे शेवटची तारीख छापलेली आहे का, ते आधी बघावं.

फ्लोरिडाचा कायदा या बाबतीत जास्त सावध आहे. पदवीच्या विद्यार्थ्याची ट्यूशन क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) १०५.०७ डॉलर असा आकडाच तिथे कायद्यात आहे. त्याशिवाय विद्यार्थी उपक्रम, आरोग्य आणि खेळ या तीन आकारांची बेरीज ट्यूशनच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही आणि ती बेरीज वर्षाला ५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तीन आकार वेगवेगळे न धरता त्यांची बेरीज धरली, यात सगळी खुबी आहे. वेगवेगळे धरले असते तर तिन्ही आकार आपापल्या मर्यादेपर्यंत फुगवता आले असते.

काही आकार कायद्यालाही कमी करता येत नाहीत. कॉलेजनं नवं विद्यार्थी भवन बांधायला रोखे विकले असतील, तर त्यांची परतफेड ठरावीक आकारातून करण्याचं वचन रोखे घेणाऱ्यांना दिलेलं असतं. वीस-तीस वर्षं तो आकार हलत नाही. म्हणून मर्यादेच्या कायद्यात 'आधीच्या कर्जाला गहाण असलेले आकार वगळून' अशी सूट द्यावी लागते. ती योग्यच आहे. फक्त 'आधीच्या' या शब्दापुढे तारीख हवी. नाहीतर प्रत्येक नवं बांधकाम कर्जावर घेतलं जातं आणि प्रत्येक नवा आकार सूट घेऊन जन्माला येतो.

कुणासाठी

राज्यातला आणि राज्याबाहेरचा विद्यार्थी यांची फी वेगळी असते, आणि फरक थोडाथोडका नाही. २०२४-२५ मध्ये चार वर्षांच्या सरकारी कॉलेजात सक्तीच्या आकारांसह सरासरी फी राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,६१० डॉलर होती आणि बाहेरच्याला ३०,७८० डॉलर. मर्यादेचे कायदे बहुधा राज्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यापुरते असतात, कारण आमदारांना मतं त्याच्या आईवडिलांची हवी असतात.

तुटीचे ८० लाख भरून काढायचा सोपा मार्ग मग समोरच असतो. बाहेरच्या राज्यातला किंवा परदेशी विद्यार्थी जास्त घ्यायचा. विस्कॉन्सिननं २०१३ पासून आठ वर्षं राज्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांची ट्यूशन गोठवली. २०१५-१७ च्या अर्थसंकल्पात विद्यापीठ व्यवस्थेचं अनुदान २५ कोटी डॉलरनं कापलं. त्याच सुमारास मॅडिसनच्या मुख्य विद्यापीठावरची बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाची मर्यादा सैल झाली आणि तिच्या जागी नव्या तुकडीत राज्यातले किमान ३,६०० विद्यार्थी असावेत अशी अट आली. ही अट टक्क्यात नाही, संख्येत आहे. तिच्यामुळे राज्यातल्या मुलांच्या जागा शाबूत राहिल्या आणि बाहेरून पैसाही आला. टक्केवारीची अट घातली की राज्यातले विद्यार्थी वाढवल्याशिवाय बाहेरचे वाढवता येत नाहीत. संख्येची अट जास्त लवचीक असते. कॅलिफोर्निया विद्यापीठानं मात्र २०१७ मध्ये टक्केवारीच पसंत केली: बहुतेक शाखांत बाहेरचे विद्यार्थी जास्तीत जास्त १८ टक्के, आणि ज्या आधीच त्यापुढे गेल्या होत्या त्यांना आहे तिथेच थांबा.

इंग्लंडमध्ये हे आणखी ठळकपणे दिसलं. देशी विद्यार्थ्यांच्या फीची कमाल मर्यादा २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली, २०१७ मध्ये ९,२५० आणि मग तिथेच थांबली. २०२५-२६ मध्ये ती ९,५३५ वर गेली. दरम्यानच्या महागाईत त्या रकमेची खरी किंमत चौथाईहून जास्त झिजली. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला मर्यादा नव्हती, त्यामुळे विद्यापीठांचा हिशेब त्यांच्यावर उभा राहिला. व्हिसाचे नियम कडक झाल्यावर तोच हिशेब डगमगला. देशी विद्यार्थ्याची फी गोठवणाऱ्या धोरणाचा लगाम असा परराष्ट्र आणि गृह खात्यांच्या हातात जाऊन पडतो.

कशाला बांधायची

गोठवणं लोकांना कळायला सोपं असतं, पण त्यात एक चक्रवाढीचा सापळा आहे. खर्च दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढत असेल तर नऊ वर्षांत १०,००० डॉलरच्या जागी १३,०४८ डॉलर लागतात. नऊ वर्षं गोठवून मग दहाव्या वर्षी ३ टक्के वाढ दिली तर त्या मागच्या नऊ वर्षांची भर पडत नाही. पायाच खाली राहिलेला असतो. एकतर अनुदानानं तो फरक भरायचा किंवा पुढे कधीतरी एकदम मोठी उडी सोसायची.

म्हणून बरेच जण महागाईला बांधायचं म्हणतात. ऐकायला रास्त वाटतं. पण ग्राहक किंमत निर्देशांकात पेट्रोल, किराणा, भाडं, कपडे असतात. कॉलेजच्या खर्चात बहुतेक पगार आणि कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा असतो. प्राध्यापक एका तासात जितक्या मुलांना तीस वर्षांपूर्वी नीट शिकवत होता तितक्यांनाच आजही शिकवतो, पण बाकीच्या क्षेत्रांत उत्पादकता वाढून पगार वाढले की त्याचाही पगार वाढवावा लागतो. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञानं १९६० च्या दशकात हे मांडलं होतं. त्यामुळे कॉलेजचा खर्च सहसा महागाईच्या थोडा पुढे पळतो, यात उधळपट्टी असायलाच हवी असं नाही. (उधळपट्टी नसते असंही नाही. पण ती मर्यादेनं कमी होत नाही, लेखापरीक्षणानं होते.)

निर्देशांकाची वेळही चुकते. डिसेंबर २००७ ते डिसेंबर २००८ या काळात अमेरिकेत ग्राहक किंमत निर्देशांक फक्त ०.१ टक्का वाढला. नेमक्या त्याच वेळी राज्यांची अनुदानं कोसळत होती. महागाईला बांधलेली मर्यादा अशा वर्षी जवळजवळ शून्यावर येते. उलट डिसेंबर २०२१ ला संपलेल्या वर्षात तोच निर्देशांक ७ टक्के वाढला; तेव्हा दार सताड उघडं झालं आणि ज्या घरांचा पगार तितका वाढला नव्हता त्यांच्यावर बोजा पडला. वॉशिंग्टन राज्यानं यावर शोधलेला उपाय मला सगळ्यात विचारी वाटतो: राज्यातल्या तासाच्या मध्यम वेतनाची गेल्या १४ वर्षांतली सरासरी वार्षिक वाढ, तेवढीच फीवाढ. वेतनाला बांधल्यामुळे घराची ऐपत धरली गेली आणि १४ वर्षांच्या सरासरीमुळे एखाद्या विक्षिप्त वर्षानं आकडा हलत नाही. शिवाय २०१५ च्या त्याच कायद्यात आधी ट्यूशन कमी केली होती, मोठ्या संशोधन विद्यापीठांत दोन वर्षांत मिळून साधारण १५ टक्के, आणि कमी झालेला पैसा राज्यानं भरून दिला होता. हा दुसरा भाग नसता तर पहिल्याला अर्थ नव्हता.

टक्क्यांची मर्यादा स्वस्त कॉलेजला जाचते, ही आणखी एक गोष्ट सहज निसटते. ४,००० डॉलर फीवर ५ टक्के म्हणजे २०० डॉलर. १६,००० वर ८००. ज्यानं आजवर फी कमी ठेवली त्याला कमीच वाढवता येते, ज्यानं आधीच वाढवून ठेवली त्याला जास्त. मिसूरीच्या २००७ च्या कायद्यात याला सुरेख तोड होती: ज्या कॉलेजची फी राज्याच्या सरासरीहून कमी, त्याला महागाईचा दर स्वतःच्या फीवर न लावता राज्याच्या सरासरी फीवर लावून येणाऱ्या डॉलरांइतकी वाढ करता यायची. सरासरी ८,००० आणि महागाई ३ टक्के असेल, तर ४,००० वाल्यालाही २४० डॉलर वाढवता येतात. मर्यादा ओलांडली तर राज्याच्या अनुदानातून ५ टक्क्यांपर्यंत कपात, अशी शिक्षा होती. मिसूरीची ही मर्यादा पुढे कायदा बदलून २०२२ मध्ये उठवली गेली.

कमाल मर्यादा बघता बघता किमान होते, हेही इथेच सांगायला हवं. ५ टक्के वाढवायची मुभा आहे आणि यंदा गरज २ टक्क्यांची आहे. पण उरलेले ३ टक्के पुढच्या वर्षी मिळणार नसतील, तर शहाणं नियामक मंडळ आजच ५ टक्के वाढवून ठेवेल. न वापरलेली वाढ दोन-तीन वर्षांपुरती राखून ठेवू दिली तर ही घाई कमी होते. कायदा येणार अशी कुणकुण लागल्यावर आदल्या वर्षीच फी वाढवून घेण्याचा मोहही असतो. त्यासाठी पायाभूत वर्ष कायदा मांडला त्याच्या आधीचं धरायचं.

चार वर्षांची हमी

पालकांना सगळ्यात आवडणारा प्रकार हा. प्रवेशाच्या वर्षी ठरलेली फी चार वर्षं तशीच. हिशेब मात्र बघा. दर वर्षी ३ टक्के वाढ धरली तर चार वर्षांची फी होते १०,०००, १०,३००, १०,६०९ आणि १०,९२७, बेरीज ४१,८३६. तेवढेच पैसे समान हप्त्यांत घ्यायचे तर वर्षाला १०,४५९ लागतील. पण राज्य पुढच्या चार वर्षांत किती अनुदान देईल ते कॉलेजला माहीत नसतं, मधे फी वाढवता येणार नसते, म्हणून ते वाईटात वाईट धरून चालतं. ६ टक्के धरले तर समान हप्ता १०,९३७ होतो. आजच्या विद्यार्थ्यानं उद्याच्या अनिश्चिततेचा विमा भरला, असा त्याचा अर्थ.

इलिनॉयमध्ये अशी हमी देणारा कायदा २००४ च्या प्रवेशांपासून लागू झाला. पुढे झालेल्या अभ्यासात आढळलं की या कायद्याखालच्या कॉलेजांची वार्षिक ट्यूशन हमी नसलेल्यांच्या कलाच्या मानानं २६ ते ३० टक्क्यांनी जास्त वाढली, आणि चार वर्षांची एकूण रक्कम ६ ते ७ टक्क्यांनी जास्त निघाली. या हमीत सगळ्यात नुकसान होतं ते पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडणाऱ्याचं. चढा हप्ता भरून तो निघून जातो. चार वर्षांत पदवी न मिळालेल्याचंही अवघड होतं, कारण पाचव्या वर्षी हमी संपते आणि मधल्या सगळ्या वाढी एकदम अंगावर येतात. इलिनॉयला म्हणूनच पुढे पाचव्या-सहाव्या वर्षासाठी एका वर्षानंतरच्या तुकडीचा दर लावायची दुरुस्ती करावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं २०२२ पासून लावलेल्या योजनेत हमी सहा वर्षांची आहे. तिथे नव्या तुकडीची वाढ महागाईला बांधली, सुरुवातीच्या वर्षांत त्यावर थोडी जादा भर दिली आणि या सगळ्यावर ५ टक्क्यांचं छप्पर घातलं. महागाईला बांधायचं असेल तर वर असं छप्पर हवंच.

शिक्षा किती

मिशिगनमध्ये विद्यापीठांची स्वायत्तता राज्यघटनेतच आहे, विधिमंडळ त्यांना फीबद्दल थेट हुकूम करू शकत नाही. म्हणून राज्य अनुदानाला अट जोडतं: फीवाढ अमुक टक्क्यांच्या आत ठेवली तर कामगिरीवर आधारित जादा अनुदान मिळेल. २०१५-१६ साठी ती मर्यादा ३.२ टक्के होती. ओकलंड विद्यापीठानं ८ टक्क्यांच्या वर वाढ केली, ईस्टर्न मिशिगननं ७.८ टक्के. दोघांनी गमावलेलं जादा अनुदान दहा-बारा लाख डॉलरच्या घरात होतं आणि फीवाढीतून येणारी रक्कम त्याच्या कितीतरी पट. हिशेब करून दंड भरला, इतकंच. दंडाची रक्कम जादा वसुलीपेक्षा मोठी नसेल तर ती मर्यादा राहत नाही, तो दर होतो.

जागा आणि वर्ग

फी वाढवायची नाही, बाहेरचे विद्यार्थी घ्यायचे नाहीत, आकार लावायचे नाहीत, अनुदानही वाढणार नाही. सगळी दारं बंद केली तर? मग कॉलेज कमी शिकवतं. कायम प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, तासिकेवरचे शिक्षक घेतात, वर्गात ३५ च्या जागी ६० मुलं बसतात, सक्तीच्या विषयाच्या तुकड्या कमी होतात. विद्यार्थ्याला जो विषय पुढच्या विषयाआधी करावाच लागतो त्याची जागा मिळत नाही आणि पदवी एका सेमिस्टरनं लांबते. आपल्या उदाहरणात चार वर्षं ३ टक्के वाढ सोसणाऱ्याला गोठलेल्या फीपेक्षा एकूण १,८३६ डॉलर जास्त पडतात. एक जादा सेमिस्टर म्हणजे ५,००० डॉलर फी, वर राहण्याचा खर्च आणि अर्ध्या वर्षाचा हुकलेला पगार.

कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक कॉलेजांची (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारी सरकारी कॉलेजं) फी राज्यच ठरवतं आणि ती देशातल्या सगळ्यात कमी फींपैकी आहे. २०१२ च्या उन्हाळ्यापासून युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर. मंदीच्या वर्षांत अनुदान कापलं गेलं तेव्हा तुकड्याच बंद झाल्या आणि चार-पाच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या सुमारे पाच लाखांनी घटली. फी परवडत होती, वर्गात जागा नव्हती. स्कॉटलंडमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या पदवीची फी भरावी लागत नाही, सरकार भरतं. त्यामुळे किती जागांचे पैसे द्यायचे तेही सरकारच ठरवतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचं वेगळं झालं. तिथे २०१३ पासून राज्यातल्या विद्यार्थ्याची फी ९,९९२ डॉलरवर ठेवली आहे आणि ती टिकवली विद्यार्थ्यांची संख्या वाढवून. वर्ग भरले, पैसा आला, पण होस्टेलच्या खोल्या अपुऱ्या पडल्या.

फायदा कुणाला

छापील फी आणि प्रत्यक्ष भरलेली फी यांत फरक असतो. केंद्राचं पेल अनुदान गरीब विद्यार्थ्याला वर्षाला कमाल ७,३९५ डॉलर देतं, त्यावर अनेक राज्यांची स्वतःची अनुदानं असतात. ज्याची ट्यूशन आधीच पूर्ण माफ आहे त्याला ती २ टक्के वाढो की ६, फरक पडत नाही. मर्यादेचा पूर्ण फायदा मिळतो तो पूर्ण फी भरणाऱ्या सुस्थितीतल्या घराला. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या ठिकाणी वाढीव फीतला मोठा वाटा, २०२२ च्या योजनेत ४५ टक्के, गरजूंच्या मदतीसाठी बाजूला काढला जातो. फी रोखली की हा निधीही आटतो. मध्यम उत्पन्नाचा विद्यार्थी, ज्याला पेल मिळत नाही आणि पूर्ण फी झेपत नाही, त्याला मात्र मर्यादेचा खरा आधार असतो, आणि माझ्या मते या कायद्यांची बाजू घ्यायची ती त्याच्यासाठी. कॉलेजातल्या राहण्या-जेवणाचा खर्च आज बहुतेक ठिकाणी ट्यूशनहून जास्त आहे, आणि त्याला जवळजवळ कुठलाच कायदा हात लावत नाही.

कायद्याचा मसुदा आणि स्वतःचं बिल तपासताना

मसुदा हाती आला की पहिलं पान सोडून व्याख्यांच्या कलमाकडे जायचं. तिथे 'ट्यूशन' आहे की 'ट्यूशन व सर्व सक्तीचे आकार' आहे, एवढ्यावर निम्मा निकाल लागतो. विषयवार जादा दर आणि ऑनलाइन आकार त्यात धरलेत का? मग अनुदानाचं कलम शोधायचं. राज्यानं अनुदान अमुक पातळीखाली आणलं तर मर्यादा आपोआप सैल होईल असं लिहिलेलं असेल, तर मसुदा लिहिणाऱ्याला विषय कळतो. अनुदानाचा उल्लेखच नसेल, तर मसुदा घोषणेपुरता आहे. त्यानंतर पायाभूत वर्ष, निर्देशांक कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचा, सूट देण्याचा अधिकार कुणाला आणि त्याची कारणं जाहीर करावी लागतात का, दंड किती. विद्यार्थ्यांच्या मतदानानं मंजूर झालेले आकार बहुतेक कायद्यांत मर्यादेबाहेर असतात. तिथे किमान किती टक्के मतदान हवं ते बघा. कमी मतदानावर मंजूर झालेला आकार पुढच्या पंधरा तुकड्या भरतात.

स्वतःच्या बाबतीत तपासायचं तर सलग दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवा आणि ट्यूशनची ओळ झाकून बाकीच्या सक्तीच्या ओळींची बेरीज करा. क्रेडिटची संख्या दोन्ही वर्षी सारखी आहे ना ते बघा, नाहीतर तुलना फसते. १२ ते १८ क्रेडिटना एकच दर असलेल्या कॉलेजनं तो बदलून क्रेडिटवार दर लावला, तर दर न वाढताही १५ क्रेडिट घेणाऱ्याचं बिल वाढतं. प्रवेशाआधी असाल तर कॉलेजच्या वेबसाइटवरचं निव्वळ किंमत काढायचं साधन वापरा. केंद्राच्या कायद्यानं ऑक्टोबर २०११ पासून केंद्राची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या कॉलेजांना ते ठेवावं लागतं. त्यात घरचं उत्पन्न भरलं की मदत वजा जाऊन अंदाजे रक्कम येते. फक्त ती कोणत्या वर्षाच्या फीवर काढलीय ते खाली बारीक अक्षरांत दिलेलं असतं. बऱ्याचदा तो आकडा दोन वर्षं जुना असतो.